पर्याय ५ : दोन्ही युक्तिवाद सबळ

विधान : शाळेत मोबाईल आणायला पूर्ण बंदी असावी का?

युक्तिवाद १ : हो, कारण मोबाईल हातात असला की मुलांचं तासाला लक्ष राहत नाही.

युक्तिवाद २ : नाही, कारण लांबच्या गावांहून एसटीने येणाऱ्या मुलींना उशीर झाला तर घरी कळवायला दुसरं काही साधन नसतं.

आणि खाली पर्याय. फक्त १ सबळ, फक्त २ सबळ, १ किंवा २ सबळ, दोन्ही दुर्बल, दोन्ही सबळ. ज्यांनी कधी ना कधी बँकेची परीक्षा दिलीय त्यांना हा प्रकार तोंडपाठ असेल. मी शनिवार-रविवार एका छोट्या क्लासमध्ये रिझनिंग शिकवते, पुण्यातल्या त्या भागात जिथे दर दुसऱ्या बिल्डिंगवर कुणीतरी अधिकारी झाल्याचा फ्लेक्स असतो, आणि हा प्रश्न फळ्यावर लिहिला की पुढे काय होणार ते मला आता आधीच माहिती असतं. अर्धा वर्ग १ म्हणतो, अर्धा २ म्हणतो, दोन-चार हुशार "मॅडम, १ किंवा २" म्हणतात, कारण एक हो म्हणतोय आणि एक नाही म्हणतोय म्हणजे दोघांतला एकच खरा असणार असा त्यांचा हिशोब. पाचवा पर्याय कुणाच्या तोंडातून निघत नाही. मनात आला तरी नाही, कारण ते उत्तर भित्रं वाटतं, लग्नात दोन्हीकडच्या लोकांना सांभाळून घेतात तसलं.

पण उत्तर तेच आहे. कारण प्रश्न असा नाहीचे की बंदी घालावी की नाही. प्रश्न असा आहे की ज्या माणसाला हा निर्णय घ्यायचाय त्याने हा मुद्दा मोजायला पाहिजे का. सबळ म्हणजे बरोबर नव्हे, सबळ म्हणजे विषयाला धरून आहे, त्यात दम आहे, बाजूला सारून पुढे जाता येणार नाही एवढंच. मुख्याध्यापक शेवटी बंदी घालतीलही, पण घालताना त्या एसटीच्या मुलींचं काय करायचं याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल, म्हणून दुसरा सबळ. याउलट "नाही, कारण बाहेरच्या देशांत सगळीकडे चालतं" हा दुर्बल, नुसतं उदाहरण म्हणजे कारण नाही. "हो, कारण बंदी हाच एकमेव उपाय आहे" हा दुर्बल, एकमेव कशावरून ते सांगितलेलंच नाही. "हो, कारण मोबाईल वाईटच" हा तर युक्तिवादच नाही, विधानच जरा आवाज चढवून परत म्हटलंय.

गंमत म्हणजे दोन बाजूंनी दोन तुल्यबळ कारणं उभी राहणं या गोष्टीला आपल्या जुन्या न्यायशास्त्रात नाव आहे, सत्प्रतिपक्ष. तिथलं ठरलेलं उदाहरण असं : शब्द (म्हणजे आवाज) नित्य आहे, कारण तो कानाने ऐकू येतो, शब्दत्वासारखा, म्हणजे सगळ्या शब्दांत असणाऱ्या शब्दपणासारखा. समोरचा म्हणतो, शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो, घड्यासारखा. आता दोघांनीही हेतू, म्हणजे कारण, दिलाय, दोघांनीही दृष्टांत दिलाय. नैयायिक म्हणतात की समोर असा प्रतिस्पर्धी हेतू उभा आहे तोवर तुमच्या हेतूने काही सिद्ध झालं असं समजू नका, आणि ते याला हेत्वाभासात टाकतात, म्हणजे दोषात. बँकेची परीक्षा त्याच परिस्थितीला पूर्ण मार्क देते. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, कारण नैयायिकाला निष्कर्ष हवाय आणि बँकेला नुसती मोजदाद हवीय. (हे वर्गात एकदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून "हे येणारे का परीक्षेत" असा आवाज आला. नाही येणार. लिहून घेऊ नका.)

आता या प्रकाराबद्दलची माझी तक्रार. सबळ-दुर्बळ कोण ठरवणार? दारूबंदीचा प्रश्न घ्या, तो प्रत्येक गाईडमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. हो, कारण दारूपायी कुटुंबं रस्त्यावर येतात. नाही, कारण बंदी घातली की चोरून विक्री सुरू होते आणि गुन्हेगारी वाढते. पहिला सबळ याबद्दल सगळ्यांचं एकमत. दुसऱ्याचं काय? एका गाईडमध्ये तो दुर्बल, स्पष्टीकरण असं की अंमलबजावणी नीट केली तर तसं होणार नाही. दुसऱ्या गाईडमध्ये तोच सबळ. पोरं दोन्ही पुस्तकं घेऊन येतात आणि मॅडम खरं काय विचारतात. आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातला एक मुलगा होता, एरवी फारसा बोलायचा नाही, तो या प्रश्नाला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे हे दोन्ही झालंय." आणि खरंच आहे ते. वर्धा जिल्ह्यात जुनी दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला झाली, गावोगावच्या बायकांनी मोर्चे काढून ती आणली होती, आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली तेव्हा कारण दिलं ते हेच, अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी. म्हणजे गाईडवाल्याने ज्याला दुर्बल म्हटलं त्या युक्तिवादावर मंत्रिमंडळाने एक जिल्हा खुला केला. आणि बंदी हटवली म्हणून पहिला युक्तिवाद दुर्बल झाला का, तर नाही, शेजारी गडचिरोलीत त्याच युक्तिवादावर बंदी अजून चालूच आहे.

म्हणून हा प्रकार जरा लबाड आहे. वरवर तर्काचा प्रश्न असतो, आतून जगाच्या माहितीचा असतो, आणि त्याहून आतून पेपर काढणाऱ्याच्या मनातल्या जगाचा. ज्याने चोरटी दारू जवळून पाहिलीय त्याला तो मुद्दा जड वाटतो, ज्याने दारुडा बाप पाहिलाय त्याला पहिला. दोघंही तर्क चुकवत नाहीयेत, वजनं वेगळी आहेत. परीक्षा मात्र एकाला पाव मार्क कापून घरी पाठवते.

याच विषयावर माझी भाची आणि मी मध्यंतरी बरंच बोललो. ती न्यू जर्सीत वाढलेली, तिकडे लॉ स्कूलला जायचंय म्हणून एलसॅट देतेय. त्या परीक्षेतले लॉजिक गेम्स, म्हणजे कोण कुणाच्या शेजारी बसलाय टाईपची कोडी, ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकली, आता मार्कांना धरतात ते लॉजिकल रिझनिंगचे दोन सेक्शन आणि एक वाचनाचा, प्रत्येकी ३५ मिनिटं. वाचनातसुद्धा २००७ पासून एक जोडउतारा असतो, अ आणि ब, एकाच विषयावर दोन लेखक, आणि विचारतात की ब चा लेखक अ च्या अमुक वाक्याला काय म्हणेल. थोडक्यात काय तर या परीक्षेला दोन माणसं समोरासमोर बसवायचा नाद आहे. तिने मला एकदा फोन करून विचारलं, "मावशी, तुमच्याकडे सबळ-दुर्बळ असतं तसं आमच्याकडे नसतं, आमच्याकडे विचारतात की दोघं नक्की कशावरून भांडतायत." मला वाटलं हे तर सोपं झालं. नाहीये सोपं.

म्हणजे बघा. समजा सोसायटीच्या कट्ट्यावर अण्णा म्हणतात, मेट्रोमुळे रस्त्यावरची गर्दी काही कमी होणार नाही, कारण स्टेशनपर्यंत जायला आणि स्टेशनपासून पुढे जायला परत रिक्षाच लागते. त्यावर काकू म्हणतात, काहीतरीच काय, वनाझहून रामवाडीपर्यंत थंडगार बसून जाता येतं, उन्हातान्हात स्कूटर मारायची कटकट गेली, मेट्रो ही पुण्यात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. आता हे दोघं कशावर असहमत आहेत? वर्गात विचारलं की सगळे म्हणतात, मेट्रो चांगली की वाईट यावर. पण अण्णा मेट्रोला वाईट कुठे म्हणाले? ते गर्दीबद्दल बोलले. काकू गर्दीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. कदाचित अण्णांना मेट्रो आवडत असेल, कदाचित काकूंनाही वाटत असेल की गर्दी कमी होणार नाही. आवाज दोघांचे चढलेत, चहा गार झालाय, पण दोघं असहमत आहेत असं एकही वाक्य तुम्हाला त्यात सापडणार नाही.

यावरची युक्ती भाचीनेच मला शिकवली आणि मी ती तशीच्या तशी वर्गात वापरते. पर्यायातलं प्रत्येक वाक्य उचलायचं आणि आधी पहिल्याला विचारायचं, तुमचं काय म्हणणं, मग दुसऱ्याला. उत्तरं तीनच, हो, नाही, किंवा यावर मी बोललोच नाही. एकाचं हो आणि दुसऱ्याचं नाही आलं तरच ते वाक्य भांडणाचं. एकजण जरी बोललाच नसेल तर पर्याय बाद, मग ते वाक्य कितीही महत्त्वाचं असो, कितीही पटो. पोरं नेमकी तिथेच अडकतात, कारण त्यांना वाटतं काकूंचा एकंदर सूर बघता त्या असंच म्हणतील. सुराला मार्क नाहीत. छापलेल्या ओळींतून जे निघतं तेवढंच त्या माणसाचं मत.

ही तीन उत्तरांची चाळणी हातात आल्यावर मी ती आपल्याकडच्या एका खऱ्या भांडणाला लावून पाहिली, महाराष्ट्रातल्या बहुधा सगळ्यात गाजलेल्या भांडणाला. १८९१ चं संमतिवयाचं बिल. जानेवारीत कौन्सिलात आलं, १९ मार्चला मंजूर झालं, आणि त्याने काय केलं तर मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, लग्नाचं वय नव्हे हं, शरीरसंबंधाचं, आणि ते नवऱ्यालाही लागू. शाळेत आपण शिकतो की टिळक विरुद्ध आगरकर, आधी राजकीय की आधी सामाजिक, आणि मनात चित्र राहतं की एकाला बालविवाह नको होते आणि दुसऱ्याला चालत होते. दोघंही १८५६ चे, एकाच कॉलेजात शिकलेले, दोघांनी मिळून शाळा काढली, केसरी काढला, आगरकर त्याचे पहिले संपादक, आणि १८८८ पर्यंत वाटा इतक्या वेगळ्या झालेल्या की आगरकरांनी स्वतःचा सुधारक सुरू केला.

आता चाळणी लावा. पहिलं वाक्य : लहान मुलींची लग्नं होऊ नयेत. आगरकरांचं हो, त्यात वादच नाही. टिळकांचं? बिल यायच्या आधी सुधारकांना उत्तर म्हणून त्यांनी स्वतः जो प्रस्ताव मांडला त्यात मुलीचं लग्न सोळाच्या आत नको आणि मुलाचं विसाच्या आत नको अशी कलमं होती, विधवांचं केशवपन बंद करा असंही होतं, फक्त हे सगळं ज्यांना सुधारणा हवीय त्यांनी आधी स्वतःवर लादून घ्यावं, सही करून. बिलातलं वय बारा आणि टिळकांच्या प्रस्तावातलं सोळा, एक संबंधाचं आणि एक लग्नाचं हे खरं, पण आकडे बघून गडबडायला होतं की नाही? तर या वाक्यावर, निदान कागदावर, दोघांचंही हो. भांडण इथे नाही.

दुसरं वाक्य : इंग्रज सरकारने यासाठी कायदा करावा. आगरकर हो, टिळक नाही. सापडलं. हे ते वाक्य.

तिसरं वाक्य : हा कायदा धर्मशास्त्राच्या विरुद्ध जातो. इथे टिळकांचं हो, पण समोर आगरकर नाहीतच, समोर आहेत रा. गो. भांडारकर, संस्कृतातले दिग्गज, ते शास्त्रवचनं काढून सांगतायत की नाही जात. आगरकरांना त्या प्रश्नात मुळात रस नव्हता, शास्त्र विरुद्ध निघालं असतं तरी त्यांचं मत हललं नसतं, ते बुद्धीला पटतं का एवढंच बघायचे. म्हणजे ज्याला आपण एक वाद म्हणतो ते निदान दोन वेगळे वाद आहेत, वेगळ्या जोड्यांमधले, आणि एका वादातला मुद्दा दुसऱ्यात फेकून मारला की काही होत नाही, कारण तिथे तो कुणी मांडलेलाच नाही. मला हे कळायला एलसॅटचा प्रश्न लागला याची जरा मजा वाटते, पण शाळेच्या पुस्तकात जागा कमी असते हेही खरं.

आणि याच वादात दोन युक्तिवादांची तुलना करायचा एक तिसरा प्रकार सापडतो, माझ्या मते सगळ्यात धारदार. सुधारक मंडळी म्हणायची, सरकारने १८२९ मध्ये सतीची चाल बंद केली, १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा केला, मग आत्ताच सरकार परकं कसं झालं? हे नुसतं उदाहरण नाही. याचं काम वेगळं आहे. समोरच्याचा युक्तिवाद उचलायचा, त्यातला विषय काढून टाकायचा, उरलेल्या साच्यात दुसरा विषय ओतायचा, आणि म्हणायचं बघा काय निघतंय. सरकार परकं आहे, ही गोष्ट धर्माची आहे, म्हणून कायदा नको. आता 'ही गोष्ट' च्या जागी सती घाला. सतीबंदीही नको होती असं निघतं. ते म्हणायची तयारी आहे? नसेल तर एकतर साचा मोडका आहे, किंवा सती आणि हे यांच्यात काहीतरी असा फरक आहे जो तुम्ही अजून सांगितलेला नाही.

परीक्षेत याला पॅरलल रिझनिंग म्हणतात. वर एक युक्तिवाद, खाली पाच, आणि हुबेहूब त्याच रचनेचा कुठला ते सांगा. पोरांना हा प्रकार म्हणजे पेपर काढणाऱ्याने काढलेलं वैर वाटतं, कारण एका प्रश्नात सहा युक्तिवाद वाचावे लागतात आणि विषयाचा काही संबंध नसतो. मी फळ्यावर हा लिहिते : जो एमपीएससी पास होतो त्याने अभ्यास केलेला असतो. सुनीलने अभ्यास केलाय. म्हणून सुनील पास होणार. वर्गात कुणालाच यात काही खटकत नाही, उलट थोडं बरंच वाटतं, सगळेच सुनील. मग खाली दोन पर्याय. अ : जो एमपीएससी पास होतो त्याने अभ्यास केलेला असतो, सुनीलने अभ्यास केलेला नाही, म्हणून तो पास होणार नाही. ब : डेक्कन क्वीन असेल तर ती गाडी पुणे-मुंबई धावते, ही गाडी पुणे-मुंबई धावते, म्हणून ही डेक्कन क्वीन.

हात सगळे अ ला वर जातात. तोच सुनील, तीच एमपीएससी, फक्त एक 'नाही' जास्त. पण तो 'नाही'च सगळं बदलतो, अ मधला तर्क पक्का आहे, पहिलं वाक्य खरं मानलं की त्यातून सुटका नाही. ब मध्ये मात्र तोच घोटाळा आहे जो वर होता, आणि ब मध्ये तो दिसतो, कारण सिंहगड पण धावते की, प्रगती पण धावते, प्लॅटफॉर्मवर उभ्या पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही. अभ्यास केलेला प्रत्येकजण पास होत नाही हे ऐकायला जड जातं, पुण्या-मुंबईमध्ये धावणारी प्रत्येक गाडी डेक्कन क्वीन नसते हे मात्र कुणालाच जड जात नाही, आणि साचा तर एकच आहे. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातले गणपती ओळीने ठेवलेले असतात ना, एकाचं पितांबर पिवळं, एकाचं जांभळं, एकाला फेटा, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की यातल्या एकाचाच चेहरा प्रसन्न आहे, तसं होतं आपलं. रंग बघून आपण चेहरा ठरवतो. म्हणून ज्या विषयात जीव अडकलाय तिथला तर्क तपासायचा तर तो उचलून अशा विषयात न्यायचा जिथे आपल्याला काही पडलेलं नाही.

परीक्षेपुरतं सांगायचं तर वाक्यांचा क्रम बघू नका, निष्कर्ष आधी आला काय आणि शेवटी आला काय, रचना तीच राहते. शब्दांचं वजन मात्र बघाच, वर 'सगळे' असेल तर खाली 'बहुतेक' चालत नाही, वर 'होईलच' असेल तर खाली 'होण्याची शक्यता आहे' चालत नाही, आणि वर 'असं आहे' असेल तर खाली 'असं व्हायला हवं' हेही नाही चालत. नुसते पाच निष्कर्ष वाचले तरी बरेचदा दोन-तीन पर्याय तिथेच गळतात. आणि वरचा युक्तिवाद सदोष असेल तर उत्तरही सदोषच हवं, तेही त्याच दोषाचं, हे पोरांना फार विचित्र वाटतं, शोधून शोधून चुकीचं वाक्य टिक करायचं म्हणजे हात थरथरतो.

पण साचा जुळला म्हणजे काम झालं असं नाही, आणि हे परीक्षा सांगत नाही. सतीच्या मुद्द्याला समोरून उत्तर देता येतंच की : सतीत जीव जातो, ती फौजदारी गोष्ट झाली, गर्भाधान, म्हणजे मुलगी वयात आल्यावरचा पहिला संबंध, हा संस्कार आहे, दोन्ही एका मापाने कसे मोजता? हे चांगलं उत्तर आहे. साचा तोच आहे हे मान्य करून ते म्हणतंय की या फरकामुळे फरक पडतो. मग परत पहिल्याची पाळी, आणि त्या काळात त्याच्या हातात काय होतं तर कलकत्त्याचं फुलमणी दासी प्रकरण, दहा-अकरा वर्षांची मुलगी, नवऱ्याच्या संबंधामुळे मेलेली. जीव जातो म्हणून सती वेगळी म्हणालात ना, मग हे काय आहे? एका दाखल्यात तो फरक गळून पडतो. याला मी दोन युक्तिवादांची तुलना म्हणेन, नुसतं कोण जिंकलं ते नाही, तर साम्य कुठपर्यंत टिकतं आणि फरक कुठे चावतो ते बघणं.

लॉ स्कूलवाले याच्या एवढे मागे का लागतात ते मला भाचीच्या निमित्ताने एका जुन्या निकालाबद्दल वाचताना कळलं, इथल्या लॉच्या पोरांना टॉर्ट्समध्ये, म्हणजे नुकसानभरपाईच्या कायद्यात, तो पहिल्याच वर्षी भेटतो. स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव, १९२८ चा ऑगस्ट, डोनोह्यू नावाच्या बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेल्या, मैत्रिणीने जिंजर बिअर मागवली, बाटली गडद काचेची, अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली असं बाईंचं म्हणणं. बाटली बाईंनी विकत घेतलेली नव्हती, म्हणजे कुणाशी करार नाही, तरी १९३२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगितलं की बनवणाऱ्याची ग्राहकाप्रति जबाबदारी असते. आता काही वर्षांनी ऑस्ट्रेलियात ॲडलेडचे एक डॉक्टर, ग्रँट, त्यांनी लोकरीचे आतले कपडे घेतले, त्यात सल्फाइट नावाचं रसायन राहून गेलं होतं, अंगभर भयंकर त्वचारोग झाला, महिनोन्‌महिने दवाखान्यात. कंपनीचे वकील काय म्हणाले असतील? म्हणाले की ती बाटली होती, सीलबंद, मध्ये कुणी हात लावू शकत नव्हतं, हे कागदाच्या पुडक्यातले कपडे आहेत, दुकानात कुणीही उघडू शकतं. फरक खरा आहे. पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्यातल्या देशांची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टाने, १९३५ मध्ये म्हटलं की सील हा मुद्दाच नव्हता, मुद्दा हा होता की वस्तू कारखान्यातून निघाली त्याच दोषासकट ग्राहकापर्यंत पोचली, आणि तो दोष बघून कळण्यासारखा नव्हता. गोगलगाय आणि चड्डी. पर्याय अ आणि पर्याय ब. वकिलाचं निम्मं आयुष्य हे सांगण्यात जातं की माझी केस त्या केससारखी आहे, आणि उरलेलं निम्मं हे सांगण्यात की बिलकुल नाही.

आपल्याकडच्या लॉच्या प्रवेशपरीक्षेत, क्लॅटमध्येही, २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर आलाय, आता १२० प्रश्न १२० मिनिटांत, त्यातले साधारण पाचवा हिस्सा लॉजिकल, चुकलं की पाव मार्क गेला. यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, सीसॅटमध्ये, ८० प्रश्न आणि एक तृतीयांश निगेटिव्ह, तो पेपर २०१५ पासून नुसता पास व्हायचाय, ३३ टक्के, आणि तरी लोक त्यातच अडकतात. या घाईत गोगलगाय आणि चड्डी यांचा निवांत विचार कोण करणार? मी पोरांना सरळ सांगते की दोघांच्या संवादाचे छोटे प्रश्न आधी उरकून घ्या, सहा युक्तिवादवाले लांबलचक शेवटी ठेवा, तेवढ्या वेळात दुसरे दोन होतात. भाचीला हे अजिबात मान्य नाही. ती म्हणते मावशी, डोकं ताजं असतं तेव्हाच ते करायचे, शेवटी ठेवले की रंग बघूनच टिक करतो माणूस. तिचा मुद्दा सबळ आहे. माझाही आहे. फेब्रुवारीत तिची परीक्षा आहे, ती तिच्या पद्धतीने देणार, माझी पोरं माझ्या, आणि सुनीलचा निकाल अजून लागायचाय.